पायगुण

“बंद पडला?” सासूबाईंनी झोपाळ्यावरून विचारलं.

डोळे मिटलेलेच होते त्यांचे. झोपाळा संथ चालला होता, कड्या कुरकुरत होत्या आणि माझ्यासमोरचा पडदा काळाठिक्कर पडला होता. पतसंस्थेच्या चेअरमनसाहेबांचं मनोगत टाइप करताना मी नुकतीच ‘पंचवीस वर्षांपूर्वी लावलेल्या या रोपट्याचा आज’ इथवर आले होते. वटवृक्ष व्हायचा राहिला.

“पडला,” मी म्हटलं.

“मग आधण ठेव. तो काही लगेच उठायचा नाही.”

हे मात्र खरं होतं. आमचा कॉम्प्युटर असा मधेच आडवा झाला की पुन्हा सुरू होताना स्वतःची सगळी तब्येत तपासून घ्यायचा. निळ्या पडद्यावर पांढरे आकडे सरकत राहायचे, आणि तेवढ्यात चहा होऊन, पिऊन, कपबश्या विसळून व्हायच्या. मी टेबलाखाली वाकून पाहिलं. एक्स्टेन्शन बोर्डाचा लाल दिवा लागलेला होता. डोक्यावरचा पंखाही फिरत होता. म्हणजे वीज होती. मी कॉम्प्युटरचं बटण पुन्हा दाबलं आणि आधण ठेवायला गेले.

ही गोष्ट मुक्ता आठवीत होती तेव्हाची. मुक्ता म्हणजे आमची मुलगी. तिच्या भवितव्यासाठी म्हणून घरात कॉम्प्युटर आला होता. कराडच्या आमच्या कॉलनीत तेव्हा तो मोजक्याच घरांत होता, त्यामुळे भवितव्य आतल्या खोलीत न ठेवता हॉलमध्ये, दारातून शिरताच दिसेल असं मांडलं गेलं. त्याला मी झालरीचं कव्हर शिवलं. मुक्ता संध्याकाळी त्यावर झोपडी आणि नारळाचं झाड काढायची. मग माझे यजमान अविनाश बँकेतून आले की त्यावर पत्ते खेळायचे. “दिवसभर लोकांची तोंडं बघून डोकं उठतं,” असं ते म्हणायचे. त्यांचे पत्ते एकदाही मधेच बंद पडले नाहीत, एवढं इथेच सांगून ठेवते.

दुपार माझी असायची. मुक्ता शाळेत, हे बँकेत, आणि मागचं आवरून झालं की मी झालर उचलायची. लग्नाआधी मी मराठी टायपिंगची परीक्षा दिली होती आणि डोकं विसरलं तरी बोटं काही विसरली नव्हती. हे शेटे प्रिंटिंगच्या शेट्यांना कुठूनसं कळलं. त्यांची ऑपरेटर लग्न होऊन इचलकरंजीला गेली होती आणि श्रीसमृद्धी नागरी पतसंस्थेची रौप्यमहोत्सवी स्मरणिका तिच्यावाचून अडली होती.

“घरी बसून एवढी करून द्या वहिनी,” शेटे म्हणाले होते. “समारंभाच्या आधीच्या शनिवारी फ्लॉपी माझ्या हातात पडली, की सोमवारपासून तिची खुर्ची तुमची.”

मला ती खुर्ची हवी होती. किती हवी होती ते सांगायला लाजायचं कारण नाही. मेथी निवडताना ती मला डोळ्यांपुढे दिसायची. फिरती होती, तिच्या एका चाकात खोट होती, आणि तिच्यावर बसलेल्या बाईला ‘जरा आधण ठेव’ म्हणायला मागे कुणी नव्हतं. आणि नेमका त्याच दिवसांत कॉम्प्युटर रोज दुपारी मान टाकायला लागला.

मागे कुणी नव्हतं म्हणाले, कारण घरी होतं. हॉलच्या मधोमध सासऱ्यांनी हौसेनं टांगलेला सागवानी झोपाळा होता. टेबल आणि तो झोपाळा यांच्यामध्ये माझी खुर्ची जेमतेम मावायची. सासरे गेल्यापासून सासूबाईंचा नेम ठरलेला होता. दुपारचं जेवण झालं की झोपाळ्यावर बसायचं, टाचांच्या भेगांना कोकमतेल चोळायचं आणि डोळे मिटून संध्याकाळपर्यंत झुलायचं. मी पाठमोरी बसून टाइप करायची आणि माझ्या पाठीमागे त्या येत-जात राहायच्या.

संध्याकाळी मी यजमानांना सांगितलं, की आज पुन्हा बंद पडला. त्यांनी बूट न काढताच झालर उचलली, बटण दाबलं आणि पत्ते मांडले. कॉम्प्युटर शहाण्यासारखा चालला.

“चालतोय की!”

“अहो, आत्ता चालतोय. दुपारी बंद पडतो.”

“तू करतेस काय नेमकं त्याला?”

“टाइप करते.”

“जोरात मारत असशील बटणं. ते टाइपरायटर नव्हे वृंदा. नाजूक असतं.” असं म्हणून त्यांनी इस्पिकची राणी बदामच्या राजाखाली ठेवली. बँकेतल्या माणसाला शोभेल इतक्या जपून ठेवली.

शेजारचे कुंभोजकर काका चहाच्या वासावर आलेच. ते वीजखात्यातून निवृत्त झाले होते. खात्यात ते बिलं दुरुस्त करायचे, वीज नव्हे; पण खिशाला पेनाऐवजी टेस्टर लावायची सवय त्यांनी निवृत्तीनंतर लावून घेतली होती. त्यांनी हॉलमधल्या सगळ्या प्लगांत टेस्टर घालून पाहिला. सगळीकडे तो पेटला. काका जरा हिरमुसले.

“व्होल्टेज तर झकास आहे,” ते म्हणाले. “मग फक्त वहिनी बसल्यावरच का जातंय म्हणायचं?”

“मी काही बोलत नाही,” सासूबाई म्हणाल्या. म्हणजे आता त्या बोलणार. “पण हातगुण म्हणून काही असतो. हिनं लावलेली जाई जगली नाही. हिनं विरजण लावलं की दह्याला तार सुटते.”

“आई, यंत्राला कसला आलाय हातगुण?” मी म्हटलं.

“का? त्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी टोचलेलं दुखत नाही, ते हातगुणानंच ना? सुईला चालतो आणि यंत्राला चालत नाही होय?”

“तसं नसतंय वहिनी,” काका मला समजावत म्हणाले. “आई म्हणतात त्याला शास्त्र आहे. आम्ही खात्यात त्यालाच अर्थिंग म्हणायचो.”

गंमत अशी, की या घरात माझ्या पायांना फार मान होता. लग्न होऊन मी उंबरठा ओलांडला त्याच महिन्यात सासऱ्यांची चंद्रपूरला झालेली बदली रद्द झाली. ती त्यांनी साहेबांच्या घरी हेलपाटे घालून रद्द करून आणली होती, पण श्रेय माझ्या पायगुणाला मिळालं आणि वर्षानुवर्षं मिळत राहिलं. पाय पास झाले होते. हात मात्र त्या संध्याकाळी, चहाच्या कपबश्यांसमोर, सर्वानुमते नापास झाले.

दुसऱ्या दिवशी यजमानांनी अर्धी रजा टाकली आणि कॉम्प्युटर क्लासच्या इंगवले सरांना बोलावलं. मुद्दाम दुपारीच बोलावलं, म्हणजे दुखणं डॉक्टरसमोर दिसावं. कुंभोजकर काका आमंत्रणाशिवाय आले. सासूबाई झोपाळ्यावर होत्याच.

इंगवले सरांनी कॅबिनेट उघडलं, आतली धूळ पाहून माझ्याकडे पाहिलं आणि मुक्ताचं खोडरबर मागून घेतलं. आतून एक हिरवी पट्टी काढून तिचे सोनेरी दात ते खोडरबरानं घासू लागले.

“काय बिघडलंय म्हणता?” सासूबाईंनी विचारलं.

“रॅम, आजी. रॅम जरा ढिला होता.”

“राम?”

“रॅम.”

“मी तेच तर सांगतेय कालपासून. हिच्या कामात राम नाही.”

पट्टी परत बसवून इंगवले सर यजमानांना म्हणाले, “सर, तुम्ही बसा.” यजमान बसले. एक डाव झाला, दुसरा झाला. तिसऱ्या डावात त्यांना आपण कशासाठी बसलोय याचा विसर पडला. कॉम्प्युटर घरघरत राहिला.

“आता मॅडम बसा.”

मी बसले. माझ्या डाव्या खांद्यावरून काका बघत होते, उजव्या खांद्यावरून इंगवले सर, आणि पडद्याच्या कडेला वाकून यजमान. वधुपरीक्षेला एवढे लोक नव्हते. मी मनोगत उघडलं. ‘पंचवीस वर्षांपूर्वी लावलेल्या या रोपट्याचा आज’ असं टाइप केलं आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडदा काळा झाला.

“गेला!” काका आनंदानं ओरडले.

“बंद पडला?” सासूबाईंनी विचारलं.

इंगवले सर टेबलाखाली शिरले आणि बोट नाचवत बाहेर आले. “दिवा लागलाय, पण स्विच बघा कसा तेलकट झालाय. किचनमधले हात, मॅडम! सर, स्पष्ट सांगतो. हा हार्डवेअरचा प्रॉब्लेम नाही. हा युजरचा प्रॉब्लेम आहे.”

“म्हणजे?” यजमानांनी विचारलं.

“म्हणजे मशीन ओके आहे,” सर म्हणाले, आणि ओके नसलेल्या वस्तूकडे सगळ्यांनी मिळून पाहिलं.

त्या दिवसापासून कॉम्प्युटरची दुरुस्ती थांबली आणि माझी सुरू झाली. काकांनी माझ्या अंगात वीज साठते असं निदान केलं. खात्री करायला त्यांनी माझ्या कोपराला टेस्टर लावून पाहिला. तो पेटला नाही याचं त्यांना खरोखर वाईट वाटलं. मग उपाय ठरले. नायलॉनची साडी बंद, सुती नेसायची. बसण्याआधी हात साबणानं धुवायचे, पुसायचे आणि वर पावडर लावायची. बांगड्या काढायच्या. यावर सासूबाई म्हणाल्या, “सवाष्ण बाई मोकळ्या हातांनी बसणार नाही,” म्हणून प्रत्येक हातात एकेक काचेची ठेवायची, असा समझोता झाला. आणि पायांत रबरी स्लिपर. घरात रबरी स्लिपरांचा एकच जोड होता, बाथरूमचा, निळा. त्या घालून, पावडर फासलेले हात वर धरून मी हॉलमध्ये दुपारी खुर्चीत बसायची तेव्हा कुणी दार वाजवू नये अशी माझी देवाकडे रोज प्रार्थना असायची. आणि तरीसुद्धा कॉम्प्युटर बंद पडायचाच. मग चहा व्हायचा.

“तुला सांगू का,” एका संध्याकाळी यजमान पत्त्यांवरून नजर न काढता म्हणाले, “त्या शेट्यांना नाही म्हणून कळव. प्रत्येकाच्या नशिबात प्रत्येक गोष्ट नसते.”

“मग संध्याकाळी मला बसू द्या ना. तेव्हा तर चालतो.”

“आणि तुझा हात लागून संध्याकाळचाही बंद पडला म्हणजे? आहे तेवढा तरी राहू दे.”

तेवढ्यात शेट्यांचा फोन आला. चेअरमनसाहेब रोज प्रेसमध्ये येऊन आपलं मनोगत छापून आलंय का ते विचारत होते. “वहिनी, बाकी जाहिराती, अहवाल, सगळं राहिलं तरी चालेल, पण मनोगत पाहिजे. शनिवारी सकाळी नाही मिळालं तर मला साताऱ्याहून माणूस आणावा लागेल. आणि आणला की तो बसला खुर्चीत.”

“मिळेल,” मी म्हटलं. आणि फोन ठेवला. यजमानांनी ऐकलं होतं, पण त्यांचा डाव सुटत आला होता.

शुक्रवारी दुपारी मी सगळे सोपस्कार केले. सुती साडी, एकेक बांगडी, पावडर, निळ्या स्लिपर. मनातल्या मनात कॉम्प्युटरच्या पाया पडले. बाकी स्मरणिका तुकड्या-तुकड्यांनी कशीबशी झाली होती. उरलं होतं ते मनोगत, आणि ते काही त्या एका वाक्याच्या पुढे सरकत नव्हतं. मी टाइप करत गेले. पंचवीस वर्षांपूर्वी. लावलेल्या. या रोपट्याचा. आज.

पडदा काळा झाला.

“बंद पडला?”

मी तशीच टेबलाखाली वाकले. लाल दिवा नेहमीसारखा लागलेला होता. इंगवले सरांचं बोलणं आठवून मी स्विचवर बोट फिरवलं. तेलकट लागलं. चांगलं जाड, मेणासारखं तेलकट.

आता, माझे हात मी साबणानं धुतले होते. त्यांवर पावडर होती. आणि त्या स्विचला मी आज हात लावलेलाच नव्हता. मी बोट नाकाशी नेलं. पोळीला लावतो ते तेल नव्हतं, तूपही नव्हतं. मी स्वयंपाक करणारी बाई. वासावरून डबा ओळखते. ते कोकम होतं.

मी कॉम्प्युटरचं बटण दाबलं. स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला, सासूबाईंना कप दिला. त्यांनी पाय वर घेऊन मजेत चहा घेतला, मुक्ताच्या गॅदरिंगचं काय झालं ते विचारलं. मी सांगितलं. माझा आवाज मला दुसऱ्याच कुणाचातरी वाटत होता. मग मी परत येऊन बसले आणि तेच वाक्य पुन्हा टाइप करायला घेतलं. या खेपेला मात्र अक्षरांकडे माझं लक्ष नव्हतं.

पडदा काळा झाला, आणि काळा झाला म्हणूनच मला त्यात दिसलं. काळ्या काचेत आमचा सगळा हॉल होता. मी होते, माझ्या मागे झोपाळा होता. तो मागे गेला. मग पुढे आला, आणि पुढे येताना एक चकचकीत टाच टेबलाच्या पायापाशी आली, अंगठा लांब झाला, बोर्डावर नेमका टेकला. टक्. काचेत जमिनीलगत लाल उजेड उमटला. झोपाळा मागे गेला.

“बंद पडला?”

“नाही आई,” मी मागे न बघता म्हटलं. “बंद केला.”

कड्यांची कुरकुर थांबली.

“तुमचा अंगठा दिसला मला. काचेत.”

 मग सासूबाई म्हणाल्या, “काचेत दिसतं होय?” एखाद्या हुशार माणसाच्या नजरेतून बारीकशी गोष्ट सुटावी, तसा आवाज होता.

मी खुर्चीसकट वळले. इतके दिवस गिळलेलं सगळं एकदम वर आलं. “चार लोकांत माझ्या हाताला नावं ठेवलीत तुम्ही! ते काका मला टेस्टर लावून गेले. बाथरूमच्या स्लिपर घालून बसतेय मी इथे, बघा! माझ्या हाताला दोष दिलात, आई!”

“मग काय माझ्या पायाला देऊ?” त्या म्हणाल्या.

 त्यांनी पाय वर ओढून घेतले आणि त्यांच्यावर लुगड्याचा काठ घातला.

“पहिल्यांदा खरंच चुकून लागला गं,” त्या हळूच म्हणाल्या. “झोका जरा मोठा झाला आणि लागला. तुझं ते काळं झालं. तू वैतागलीस, उठलीस, चहा केलास. आणि मग इथं माझ्यापाशी येऊन बसलीस. आठवतंय? मुक्ताच्या बाईंची नक्कल करून दाखवलीस. किती हसलो आपण. हे गेल्यापासून मी तशी हसले नव्हते. दुसऱ्या दिवशी परत तुझी पाठ आणि टकटक टकटक. मी दोनदा बोलले तुझ्याशी. तू ‘हं’ म्हणालीस. नुसतं ‘हं’. मग मी अंगठा लावून बघितला.”

“आणि परत चालू कशाला करायचात?”

“तुझं काम अडायला नको म्हणून.”

मला हसू आलं असतं, पण रडूच आलं. रागाचंच होतं ते. पण नुसतं रागाचं असतं तर मी उठून आत गेले असते. माझ्याच्यानं उठवेना. मला ते ‘हं’ आठवलं. ते मी कधी म्हटलं हे आठवलं नाही, कारण मी रोजच म्हणत होते.

“बोलायचंत तरी मला.”

“काय बोलू? सुनेपुढं पदर पसरू, की माझ्याशी गप्पा मार म्हणून?” त्यांनी नाक ओढलं. “आणि सोमवारपासून तू जाणारच त्या प्रेसात. मग घरात मी आणि ह्या कड्या.”

“मी नाही गेले तर बरं वाटेल तुम्हाला?”

त्यांनी विचार केला. खोटं बोलायला वेळ लागत नाही, त्यांना वेळ लागला.

“बरं वाटेल,” त्या म्हणाल्या. “पण मग तू जन्मभर माझ्याकडे पाठ करूनच बसशील. ते नको.”

मी वळून कॉम्प्युटरचं बटण दाबलं. निळ्या पडद्यावर पांढरे आकडे सरकू लागले. आम्ही दोघी ते बघत बसलो. ते संपले तशा सासूबाईंनी कनवटीचा चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि हात पुढे केला.

“आण ते कागद इकडं. कागदाकडं बघायचं, मग पडद्याकडं बघायचं, मान मोडेल अशानं. मी वाचते, तू बडव.”

आणि त्या झोपाळ्यावर पक्की मांडी घालून बसल्या. त्या दुपारी झोपाळा हलला नाही. सासूबाई खणखणीत आवाजात चेअरमनसाहेबांचं मनोगत वाचत होत्या आणि पूर्णविरामाच्या जागी स्वतःचं मत घालत होत्या.

“‘निःस्वार्थ सेवेचं बाळकडू मला माझ्या आईकडून मिळालं.’ कोण, हा? याच्या आईला मी ओळखते. आमचा पाटा-वरवंटा मागून नेला तो अजून यायचाय. हे टाइप करू नकोस.”

“नाही करत.”

“‘या रोपट्याचा आज विशाल वटवृक्ष झाला आहे.’ झाला का?”

मी शेवटचं अक्षर दाबलं. पडदा पांढराशुभ्र होता आणि पांढराच राहिला.

“झाला,” मी म्हटलं.

“बरं झालं बाई. किती दिवस अडला होता मेला.”

उजेड होता तोवर सगळं मनोगत फ्लॉपीत उतरलं. संध्याकाळी घरात आनंदीआनंद झाला. काकांनी माझ्या पायांतल्या निळ्या स्लिपर पाहिल्या आणि, “मी म्हटलं नव्हतं? अर्थिंग!” असं जाहीर केलं. यजमानांनी इंगवले सरांना फोन लावला. त्यांनी पलीकडून खोडरबराचा हवाला दिला. फोन ठेवून यजमान म्हणाले, की खरं तर त्यांनी मला बटणं हळू मारायला सांगितलं तेव्हापासूनच फरक पडायला लागला होता. तिघांचंही समाधान झालं. मग काकांनी सासूबाईंना विचारलं, “आई, तुम्हाला काय वाटतं? कशानं गुण आला?”

“पायगुण,” सासूबाई म्हणाल्या.

“वहिनींचाच की! स्लिपरांमुळं!” काका म्हणाले.

“तर काय,” असं म्हणून सासूबाईंनी लुगड्याचा काठ पायांवर आणखी खाली ओढला. माझ्याकडे बघितलं नाही. मीही चहाचे कप गोळा केले.

सोमवारी मी शेट्यांच्या प्रेसमध्ये त्या खुर्चीत बसले. फिरत होती, चाक अडत होतं, सगळं मनातल्यासारखं होतं. चहाच्या वेळेला मात्र माझे कान उगाच कड्यांची कुरकुर शोधू लागले. तेवढ्यात शेटे म्हणाले, “वहिनी, घरून फोन.”

“वृंदा,” सासूबाई म्हणाल्या, “कॉम्प्युटर बंद पडलाय गं.”

“कुणी लावला होता?”

“कुणी नाही.”

मी खुर्ची फिरवली आणि मशीनकडे पाठ केली. “बोर्डावरचा लाल दिवा लागलाय का बघा बरं.”

“लागलाय.”

“चहा घेतलात?”

“एकटीसाठी कोण आधण ठेवतंय.”

“ठेवा. मी आहे फोनवर.”

त्यानंतर तो फोन रोज यायचा. मी दिव्याचं विचारायची, वायर घट्ट आहे का ते विचारायची, आणि मग त्या मला शेजारच्या सुनेचं, दुधाच्या पिशवीचं, कुंभोजकर काकांनी स्वतःच्या मिक्सरला अर्थिंग केल्यावर काय झालं त्याचं सांगायच्या. शेट्यांना माझी दया यायची. “तुमच्या घरच्यासारखं भिकार मशीन अख्ख्या कराडात नसेल वहिनी,” ते म्हणायचे. “इतकी वर्षं रोज बिघडतंय. भंगारात घाला ते.”

एक दिवस खरंच घातलं. मुक्ता इंजिनिअरिंगला गेली, स्वतःचा नवा कॉम्प्युटर घेऊन गेली, आणि एका सकाळी भंगारवाला तो जुना, झालरीच्या कव्हरासकट आणि त्या एक्स्टेन्शन बोर्डासकट, हातगाडीवर घालून घेऊन गेला. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.  मी प्रेसला निघून गेले. त्या दुपारी चहाची वेळ झाली तशी मी हातातलं काम खाली ठेवलं आणि फोनकडे बघत बसले. वाजेल असं वाटत नव्हतं. मला फार वाईट वाटत होतं.

फोन वाजला.

“वृंदा,” सासूबाई म्हणाल्या. “बंद पडलाय गं.”

“हो का?” मी म्हटलं आणि खुर्ची फिरवली. “थांबा, बघूया काय झालंय ते.”